ताई चीच्या आधीचं उभं राहणं

ताई ची शिकायची म्हणून मी शांघायच्या फुशिंग पार्कात जाऊ लागले आणि पहिला अख्खा हिवाळा लाओशींनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, मला ताई चीचं एक पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. आधी उभं राहायचं. मग बादुआनजिन, म्हणजे छीगोंग या संथ चिनी व्यायामाचे आठ प्रकार. मग परत थोडा वेळ उभं राहायचं आणि घरी जायचं. पलीकडच्या झाडांखाली पांढरे सॅटिनचे झब्बे घातलेला एक गट बासरीच्या सुरांवर संथ हात फिरवत असे. माझी नजर तिकडे गेली की लाओशी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून सरळ करायच्या.

मी चिंचवडची. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघते आणि त्याच कामासाठी कंपनीनं मला शांघायला पाठवलं होतं. दिवसभर एकतर लॅपटॉप, नाहीतर शॉपफ्लोअरवर तपासणीच्या टेबलाशी वाकून उभं राहणं. उजवा खांदा कित्येक वर्षं कानाच्या दिशेनं चढून बसलेला. त्यात पन्नाशी जवळ आलेली. ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीची आई या पार्कात यायची, तिच्या ओळखीनं मी या गटात शिरले.

फुशिंग पार्क 1909 साली फ्रेंचांनी त्यांच्या वसाहतीतली बाग म्हणून खुली केली. उंच चिनार, आखीव फुलवाफे आणि मध्येच मार्क्स-एंगल्सचा भलामोठा दगडी पुतळा, असा सगळा मामला आहे. सकाळी तिथे जागा मिळवायला लागते. कुणी बॉलरूम नाचतंय, कुणी उलट्या पावलांनी चालतंय, कुणी झाडाच्या बुंध्यावर पाठ आपटून घेतंय. आमच्या गटाची ठरलेली जागा एका चिनाराखाली होती. जॅकेटं आणि चहाचे थर्मास फांदीला लटकवायचे आणि सुरू करायचं. फी नव्हती. नववर्षाला लाओशींना संत्र्यांची पेटी दिली, तेवढंच.

लाओशी शांघायच्या एका कापडगिरणीतून निवृत्त झालेल्या. नव्वदच्या दशकात तिथल्या गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा चाळिशीतच घरी बसवलेल्यांपैकी. माझे आजोबा परळला गिरणीत होते हे मी फोनवरच्या भाषांतराच्या मदतीनं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुठल्या खात्यात? साचेखात्यात, म्हटलं. त्या स्वतः सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवर होत्या. पाळीभर उभ्यानं काम करून पायाच्या शिरा फुगल्या, तेव्हा गिरणीतल्याच एका वयस्कर फोरमननं त्यांना उभं राहायला शिकवलं. पाय तेच, जमीन तीच, पण उभं राहण्याची रीत वेगळी, असं त्या सांगायच्या.

ती रीत अशी. तिला झान झुआंग म्हणतात. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे सैल, वाकवायचे म्हणून वाकवायचे नाहीत, मागे ताणलेले असतील तर तो ताण काढायचा. माकडहाड खाली सोडायचं, मागे उंच स्टूल आहे आणि त्याच्या कडेवर टेकायचं आहे असं समजून. माथा वरून दोऱ्यानं धरलेला. दोन्ही हात छातीसमोर गोल, मोठं झाड कवेत घेतल्यासारखे, कोपरं मनगटांपेक्षा खाली, काखेत अंडं मावेल एवढी फट. ओठ मिटलेले, जिभेचं टोक दातांमागे टाळूला. नजर समोर, पण कशावर खिळलेली नाही. भार टाचेवरही नाही आणि चवड्यावरही नाही. तळव्याच्या मध्याच्या थोडं पुढे, बोटं आत वळवली की जिथे खळगा पडतो, तिथे. चिनी वैद्यकात त्या बिंदूला योंगछुआन म्हणतात. जाड सोलच्या बुटांत त्याचा पत्ताच लागत नाही. लाओशींनी मला पहिल्याच आठवड्यात माझे महागडे स्पोर्ट्स शूज घरी ठेवायला सांगून शांघायचेच फेईयुए घ्यायला लावले, पातळ रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट.

किती वेळ उभं राहायचं हे त्या सांगत नसत. आम्हाला लावून त्या फुलवाफ्याला चक्कर मारायला जायच्या, वाटेत ओळखीच्यांशी गप्पा मारायच्या आणि मग परत यायच्या. घड्याळ बघायची सोय नाही, कारण हात छातीसमोर. सुरुवातीला आधी खांदे पेटतात, मग मांड्या थरथरायला लागतात. पँटच्या कापडावरून दिसण्याइतक्या थरथरतात. शेजारच्या सत्तरीच्या काकू शांत आणि आपण मात्र हलतोय, हे फार लागतं. थरथर का होते ते कळायला मला वेळ लागला. एरवी आपण गुडघे मागे ताणून हाडांच्या कुलपावर उभे असतो, स्नायूंना सुट्टी. गुडघा सैल केला की ते काम अचानक मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडतं आणि त्यांना त्याची सवय नसते. लाओशींचा त्यावर उपाय साधा होता. कंबर दोन बोटं वर उचल, पण हात सोडू नको. जिद्दीनं खाली बसून राहणाऱ्याला त्या चक्क रागवायच्या. सहन करणं हा इथला विषयच नाही, असं त्यांचं म्हणणं. दात-ओठ खाऊन उभा राहिलेला माणूस नेमकी तीच जागा आवळतो जी सोडायची असते.

'फांगसोंग' हा शब्द मी त्या हिवाळ्यात जेवढा ऐकला तेवढा दुसरा कुठला ऐकला नसेन. सैल सोड. कुणी नुसतं सैल सोड म्हणून खांदा सैल सुटत नाही, हे ज्याचा खांदा आखडलाय त्याला माहीत असतं. लाओशी मागे उभ्या राहायच्या, माझ्या उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी अंगठा ठेवायच्या आणि दाबायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या. दुसऱ्या हातानं कोपर खालून किंचित तोलायच्या. आणि थांबायच्या. बऱ्याच वेळानं कधीतरी फरा स्वतःहून त्या अंगठ्यावर येऊन बसे. मग त्या कोपराखालचा हात काढून घ्यायच्या आणि हात जागच्या जागी राही, पण त्याला धरून ठेवणारा खांदा नसे. भार पाठीतून कमरेत आणि तिथून पायात गेलेला स्पष्ट कळायचा. पावलं जड व्हायची. हे सुरुवातीला क्षणभर टिकायचं. घरी एकटीनं करताना तर यायचंच नाही. पण एकदा कळल्यावर शोधायचं काय ते माहीत झालं.

माझी आणखी एक अडचण होती, आणि ती पुण्याहून आलेली. मी अनेक वर्षं अय्यंगार पद्धतीनं योगासनं केली आहेत. ताडासनात गुडघ्याच्या वाट्या वर खेचायच्या, मांड्या घट्ट, छाती उघडी, हे अंगात मुरलेलं. इथे सगळंच उलट. गुडघा मोकळा, छाती पुढे काढायची नाही, कमरेची आतली कमान सोडून पाठीचा खालचा भाग लांब होऊ द्यायचा. लाओशी माझ्या कमरेवर तळहात ठेवायच्या आणि त्यांच्या हाताला ती कमान लागली की जीभ चुकचुकवायच्या. त्या काळात मी दोन्हींची बरीच तुलना केली. माझ्या मते दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. ताडासनात तुम्ही आहात तिथेच राहणार असता. ताई चीत पुढच्या क्षणी निघायचं असतं, आणि ताणलेला गुडघा निघण्याआधी सोडावा लागतो. त्या सोडण्यात तोल जातो. गटातल्या दोन काकू योगही करायच्या, आणि पुण्याची म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल उगाच आदर वाटायचा. अय्यंगार गुरुजी स्वतः 2011 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, ग्वांगझौला येऊन गेले होते. माझं ताडासन मात्र त्या आदराच्या लायकीचं नव्हतं.

उभं राहून झालं की बादुआनजिन. आठ हालचाली, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे कवितेची एक ओळ. दोन्ही हातांनी आभाळ तोलणं. डावी-उजवीकडे धनुष्य ताणून ससाण्यावर नेम धरणं. एक हात वर, एक खाली. मागे वळून बघणं. डोकं घुमवून शेपूट हलवणं. हातांनी पाठीवरून, पायांच्या मागून उतरत पावलं धरणं. मुठी आवळून डोळे वटारणं. शेवटी टाचा उचलून सातदा जमिनीवर सोडणं. सरकारनं 2003 मध्ये प्रमाणित केलेला संच आहे, साधारण बारा मिनिटांचा. चिनी पार्कांत छोट्या स्पीकरवर सूचनांसकट तोच वाजत असतो. आमच्या लाओशी स्पीकर लावत नसत आणि काही गोष्टी त्यांच्या फोरमनच्या पद्धतीनं करायच्या.

यातला धनुष्याचा प्रकार मला पहिल्यापासून आवडला. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून खाली बसायचं, एका हाताची तर्जनी ताठ, अंगठा उघडा, बाकी बोटं दुमडलेली, दुसऱ्या हातानं दोरी छातीपर्यंत ओढायची आणि नजर त्या तर्जनीपलीकडे. दोन हात दोन दिशांना ओढत असताना कमरेखालचा भाग अजिबात हलता कामा नये. तो हलतोच. पाचवा प्रकार मात्र मला जमता जमेना. त्यात पाय आणखी रुंद असतात, धड एका बाजूला झुकवून गोल फिरवायचं असतं आणि ते कमरेतून वाकून होत नाही. जांघेतून घडी पडावी लागते. चिनी लोक त्या जागेला कुआ म्हणतात. लाओशींनी माझे दोन्ही हात माझ्याच जांघांच्या सांध्यांत खुपसले, बोटं चिमटीत अडकेपर्यंत बसायला लावलं आणि म्हणाल्या, इथून. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची ही घडी दिवसभर पडलेली असते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ती चालवता येत नाही. पुढे ताई चीत प्रत्येक वळण याच घडीतून घ्यायचं असतं. ती उघडली नाही की वळण गुडघ्यावर येतं.

गटात काही महिने एक तरुण यायचा. त्यानं व्हिडिओ बघून ताई चीचा 24 मुद्रांचा पूर्ण संच पाठ केला होता आणि दिसायलाही सुरेख करायचा. गुडघे दुखतात म्हणून आला होता. लाओशींनी त्याला एकच वळण परत करायला लावलं आणि त्याच्या पावलाकडे बोट दाखवलं. पाऊल पुढे, गुडघा आत, धड तिसरीकडे. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारी झाड कवेत घेऊन उभा.

श्वासाबद्दल सुरुवातीला त्या काही सांगतच नसत. प्राणायाम केलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. मी विचारलं की हात वर जाताना घ्यायचा ना, खाली येताना सोडायचा ना, तर त्या म्हणायच्या, घेतेस ना? मग झालं. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की बेंबीच्या खाली, ज्याला ते दानतिएन म्हणतात त्या भागात, पोट आपोआप भरतंय आणि रिकामं होतंय. पोटाचे स्नायू आवळणं थांबलं म्हणून श्वास खाली उतरला. आधी मोजून-मापून घ्यायला लागले असते तर पोट आणखी आवळलं असतं, असं आता वाटतं.

इथे एक फाटा. हे सगळं हजारो वर्षांचं, गूढ, अखंड परंपरेनं आलेलं, असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. व्यायामाची परंपरा निश्चित जुनी. छांगशाजवळ मावांगदुईच्या थडग्यात 1973 साली रेशमावर रंगवलेलं एक चित्र सापडलं. ते थडगं इसवीसनपूर्व 168 मध्ये बंद झालेलं. त्यावर हात ताणणाऱ्या, वाकणाऱ्या, उभ्या राहिलेल्या 44 आकृत्या आहेत. बादुआनजिनचा उल्लेख सोंग राजवंशाच्या काळापासून, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकापासून मिळतो. पण या सगळ्याला मिळून 'छीगोंग' हे नाव रुळलं ते 1950 च्या दशकात, लिउ ग्वीझन नावाच्या एका कार्यकर्त्यामुळे. त्याचा पोटाचा अल्सर अशा व्यायामानं बरा झाला आणि त्यानं त्याचे दवाखाने काढले. 24 मुद्रांची सोपी ताई चीसुद्धा 1956 मधली, क्रीडा आयोगानं यांग घराण्याच्या लांब संचातून बेतलेली. हेनान प्रांतातल्या चनजियागौ गावात, जिथे सतराव्या शतकात ताई चीचा उगम मानतात, तिथे छीगोंग हा वेगळा पाया असा विषय नव्हता. उभं राहणं, हातापायांचे गोल काढणं आणि तोच संच पुनःपुन्हा करणं यातच सगळं आलं. उभं राहण्याला साऱ्या सरावाच्या केंद्रस्थानी आणलं ते वांग शियांगझाई या विसाव्या शतकातल्या युद्धकलेच्या उस्तादानं. म्हणजे आधी छीगोंग, मग ताई ची हा क्रम पोथीतला नाही. शिकवणाऱ्यांच्या सोयीचा आहे, आणि माझ्या अनुभवानं सांगते, फार शहाणपणाचा आहे.

दुसरा फाटा खास आपल्याकडच्या फॉरवर्डबहाद्दरांसाठी. बोधिधर्म हा बौद्ध भिक्खू भारतातून गेला आणि त्यानं चिन्यांना हे सगळं शिकवलं, असा निरोप मला दर काही महिन्यांनी येतो. ज्या यिजिनजिंग या ग्रंथाच्या आधारे हे सांगतात तो 1624 च्या सुमाराचा आहे. बोधिधर्म त्याआधी हजारेक वर्षांपूर्वीचा. त्याला जुना ठरवणारी त्यातली प्रस्तावना इतिहासकार बनावट मानतात. भारतीय माणसाबद्दल पार्कातल्या म्हाताऱ्यांना खरंच जिव्हाळा वाटतो तो दुसऱ्याच कारणानं. यिंदू, म्हणजे भारत, म्हटलं की एक आजोबा दरवेळी म्हणायचे, 'के दिहुआ!' म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून आले आणि 1942 मध्ये इथेच गेले ते. मी त्यांच्या राज्यातली आहे हे कळल्यावर आजोबांनी मला बसायला बाक पुसून दिला होता.

आता 'छी', म्हणजे अंगात फिरते असं मानलेली ऊर्जा. उभं राहिल्यावर तळहात गरम होतात, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, दोन तळव्यांमध्ये काहीतरी दाट असल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं. लाओशींना मी हे मोठ्या उत्सुकतेनं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, रक्त फिरतंय, चांगलं आहे, कोपर खाली. 1980 च्या दशकात चीनमध्ये छीगोंगची प्रचंड लाट आली होती. लांबून छी सोडून रोग बरे करणारे गुरू, डोक्यावर पातेली ठेवून संदेश घेणारी माणसं, सगळं त्यांनी पाहिलेलं. त्याबद्दल बोलताना त्या हात झटकायच्या. गटातल्या काकूंपैकी कुणीही बीपीच्या गोळ्या बंद केल्या नव्हत्या. आठव्या प्रकाराच्या नावात टाचा आपटल्यानं शंभर रोग पळतात असं आहे, ते नावापुरतं. तोलाचं मात्र तपासलं गेलेलं आहे: पार्किन्सन्सच्या 195 रुग्णांवरच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला होता.

चिनाराला पालवी फुटली तेव्हा आम्हाला चालायला लावलं. तेही ताई ची नव्हे, फक्त चाल. एक पाय पूर्ण भरलेला, दुसरा पूर्ण रिकामा. रिकामा पाय पुढे टाकायचा, टाच टेकवायची, पण भार द्यायचा नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय टाकतो तसा, जमीन धरतेय असं वाटलं तरच पुढे जायचं. वाटलं नाही तर पाय परत उचलता आला पाहिजे. मला वाटलं होतं की एवढे महिने उभं राहिल्यावर हे सहज येईल. पाय हलला मात्र, खांदा परत कानाशी. लाओशींना याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. एक पाऊल, मग थांबून झान झुआंगमधलं सगळं परत जागेवर, मग दुसरं पाऊल. बागेची एक बाजू ओलांडायला आम्हाला इतका वेळ लागायचा की लहान मुलं येऊन बघत बसायची.

मग एकदाची छीशी, 24 मधली पहिली मुद्रा. पाय खांद्याइतके, हात समोर खांद्यापर्यंत वर, मग खाली, गुडघे सैल. एवढंच. यात नवीन काहीच नव्हतं, आणि तेव्हा मला त्या हिवाळ्याचा हिशेब लागला. हात वर नेताना मी आता खांदा उचलत नव्हते; पाय जमिनीला किंचित दाबत होते आणि हात वर येत होते. पुढची जंगली घोड्याची आयाळ विंचरण्याची मुद्रा म्हणजे ती शेवाळलेल्या अंगणातली चाल अधिक धनुष्याच्या प्रकारातले दोन दिशांना उघडणारे हात. ढगांसारखे हात, म्हणजे युनशौ, हे जांघेच्या घडीचं काम. मुद्रांचा क्रम लक्षात ठेवायला कष्ट पडले ते पडलेच, वयही आहे. पण अंगाला प्रत्येक वेळी नवीन काही समजवावं लागलं नाही. ज्या मुद्रा एका पायावर आहेत त्यांत मी अजूनही डुलते, विशेषतः डाव्या.

सध्या तुईशौ सुरू आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावून एकमेकांचा रेटा घ्यायचा आणि द्यायचा. माझी जोडीदारीण चौऱ्याहत्तर वर्षांची, माझ्या खांद्याएवढी उंच. ती ढकलते ते जाणवतच नाही, आपण मागे गेलेलो असतो तेव्हा कळतं. मी ढकलते तेव्हा माझा जोर तिच्या हातात शिरतो आणि तिच्या मागच्या टाचेपाशी कुठेतरी नाहीसा होतो. ती हसते, माझ्या उजव्या खांद्यावर टिचकी मारते आणि पुन्हा मनगट पुढे करते. लाओशींचं म्हणणं, शरद ऋतूत तलवार सुरू करू. त्याआधी खांदा.